चिखलाचे की डांबराचे

नोकरीच्या गावी रोज जाऊन रोज परत येणं, याला आमच्याकडे अप-डाउन म्हणतात. अर्धी ब्रह्मपुरी अप-डाउन करते. कुणी एसटीनं, कुणी काळी-पिवळीनं, कुणी दुचाकीवर. मी करते ती पिकअपनं. बाईमाणूस पिकअप चालवतं म्हणून सुरुवातीला वडशाच्या रेल्वे फाटकावर लोक माना वळवून बघायचे, आता तेही कंटाळले. माझी शाळा वैनगंगेच्या पलीकडे आहे. पूल ओलांडायचा, वडशाच्या बाजारातून वाट काढायची, कुरखेड्याचा मोठा रस्ता धरायचा आणि मध्येच तो सोडून जंगलात शिरायचं. डांबर जिथं संपतं तिथूनच एसटी माघारी फिरते. पुढचा रस्ता उन्हाळ्यात मुरमाचा असतो आणि पावसाळ्यात रस्ता नसतोच.

पिकअप माझ्या धाकट्या भावाची. आमचं घराणं तलावाच्या मासळीवर जगलेलं. भावानं धंदा वाढवायचा म्हणून ही गाडी घेतली, पिंपात माशांची जिवंत पिल्लं, म्हणजे बोटुकल्या, भरून गावोगावच्या तलावांत सोडायला. धंदा बसला तेव्हा तो बायकोपोरांना घेऊन नागपूरला गेला आणि जाताना गाडी व आई दोघींना माझ्या दारात सोडून गेला. गाडीबद्दल निदान एवढं तरी सांगितलं की दुसरा गिअर अडतो. आईबद्दल काहीच सांगितलं नाही.

आईचं काय अडतं ते मला हळूहळू कळलं. आधी ती मीठ दोनदा टाकायची. मग दुपारी जेवून संध्याकाळी म्हणायची की सकाळपासून मले कोनी जेवाले नाई देल्लं. मग मेलेल्या माणसांची चौकशी सुरू झाली. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि हेही सांगितलं की यातून माणूस मागे येत नाही, पुढेच जातो. दिवसभर शेजारच्या मावशी तिच्यापाशी असतात. मावशींचे यजमान राइस मिलमध्ये कामाला. ते दिवेलागणीला घरी येतात, तेव्हा मावशींना आपल्या चुलीकडे पळावं लागतं. म्हणजे दिवेलागणीच्या आत मी घरात हवी. सगळं आयुष्य त्या एका वेळेला बांधलेलं. संध्याकाळ झाली की आईच्या जिवाची घालमेल सुरू होते, ती दारात येऊन बसते, आणि माझी गाडी आली की शांत होते. गाडी आली नाही तर उठून चालू लागते.

चालू लागते म्हणजे कुठे, ते मला आषाढात कळलं. त्या दिवशी जंगलातल्या रस्त्यावर पिकअप फसली. टायर गोटा झालेले होते, पार गुळगुळीत, आणि धानाच्या रोवणीचे दिवस. रोवणीत ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात, ती एका बांधीतून, म्हणजे धानाच्या वाफ्यातून, दुसऱ्या बांधीत जाताना रस्ताही नांगरून काढतात. वर तिथली माती कन्हार, काळी आणि चिकट. चाक जागच्या जागी फिरत राहिलं आणि गाडी हळूहळू पोटावर बसली. लोकांनी ढकलून बाहेर काढेपर्यंत दिवस बुडाला. घरी पोचले तर मावशी रस्त्यावर रडत उभ्या. त्या भाकरी टाकायला म्हणून गेल्या तेवढ्यात आई निसटली होती. ती सापडली घरामागच्या बोडीत, लहानशा तळ्यात. गुडघाभर पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी काहीतरी ओढत होती. म्हशी घेऊन परतणाऱ्या एका माणसानं तिला हाताला धरून काठावर आणलं. मला बघून ती चिडली.

"एकटीनं जाळं ओढून राह्यली मी. तू कुठी होतीस वं?"

मी तिचं लुगडं पिळत होते. पुढच्या वेळी तो म्हशीवाला नसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

लोक विचारतात, आईला शाळेच्या गावी का नेत नाही? नेलं होतं. खोली केली, चूल मांडली. तिसऱ्याच दिवशी पहाटे ती जंगलाच्या वाटेला लागली, आणि त्या वाटेवर वाघाचे पंजे आम्ही शाळेत येता-जाता बघतो. परत आणली. बदलीसाठी अर्ज केला, तो कुठल्या टेबलावर झोपलाय देव जाणे. नोकरी सोडावी तर खायचं काय? भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, पह्यले टायर बदल. टायर चांगले असले का गाडी कुठीच नाई फसत." नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! पण या वेळी त्याचं म्हणणं मला पटलं. खरं तर पटवून घेतलं. आईच्या डोक्यातलं काही माझ्या हातात नव्हतं. टायर हातात होते.

मग मी टायरच्या मागे लागले. टायरबद्दल मत नसलेला पुरुष मला अजून भेटायचा आहे. हेडमास्तर म्हणाले, मागचे दोन चिखलाचे टाका, पुढचे राहू द्या. पेट्रोल पंपावरचा म्हणाला, जुन्यावरच रबर चढवून घ्या, मॅडम. माझ्यासोबत वडशाहून येणारे मास्तर, जे स्वतः सायकलसुद्धा नीट चालवत नाहीत, त्यांनी मला टायरमधल्या हवेवर अर्धा रस्ता व्याख्यान दिलं. मी सगळ्यांचं ऐकलं. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, त्यांत राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या बर्फात गाड्या उड्या मारत होत्या. आमच्या कन्हारीत कुणी उडी मारून दाखवत नव्हतं.

शेवटी वडशाच्या टायरच्या दुकानात गेले. मालक गोल, हसरा माणूस. त्यानं तीन टायर माझ्यापुढे उभे केले.

"हे डांबराचे, मॅडम. चूपचाप चालते, पन चिखलात गेले का नक्षी भरून जाते अन् टायर गोटा होते. हे निव्वळ चिखलाचे. ट्रॅक्टरसारखे. डांबरावर तुमची कंबर मोडन, अन् पावसात ब्रेक मारला का घसरते. अन् हे मधले. ऑल टेरेन. दोन्हीकडं चालते."

मी मधल्या टायरवर हात फिरवला. जाड चौकोनी ठोकळे, मधे खोल चरे, चिखल बाहेर फेकला जावा म्हणून कडेला मोकळी जागा. बाजूची भिंतही जाड, म्हणजे बांबूचे खुंट घुसायचे नाहीत. माझ्या रोजच्या वाटेत डांबर पुष्कळ आणि चिखल थोडा. पण माणसाला अडवतो तो थोडाच. निव्वळ चिखलाचे घेतले तर पुलावर ओल्या डांबरावर जिवाची भीती. डांबराचे घेतले तर पुन्हा ती बोडी. मी त्या माणसाला दहा वेळा तेच तेच विचारलं. फसणार नाही ना? नक्की ना? तो माझ्याकडे जरा चमकून बघायला लागला, कारण माझा आवाज रडवेला झाला होता.

"नाई फसत, मॅडम. आवाज करन थोडासा. डांबरावर घुंऽऽ असा आवाज येते. सवय होते."

"आवाजाचं काय घेऊन बसलात," मी म्हटलं. "माझ्या गाडीचे सगळेच भाग आवाज करतात." आणि चारही टायर टाकून घेतले.

दुसऱ्या दिवशी पाऊस झोडपत होता. डांबर संपलं तिथं मी गाडी थांबवली. मास्तरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घेतली, उतरून ढकलायची त्यांना सवयच झाली होती. मी पहिला गिअर टाकला. गाडी कन्हारीत शिरली, मागचा भाग जरा डुलला, टायरनं चिखल खाडकन मडगार्डखाली आपटला, आणि आम्ही पुढे. जिथं फसलो होतो ती जागा आली आणि गेली. मास्तर दुमडलेल्या पँटीसकट बसून राहिले.

"मॅडम, आता तुमची गाडी नाई फसत बापा!"

मी मोठ्यानं हसले. किती महिन्यांनी हसले असेन ते सांगता येणार नाही. त्या दिवशी मुलांना मी गणित सोडून गाणी म्हणायला लावली. शाळा सुटल्यावर निघाले ती कुठेही न थांबता, आणि उजेड असतानाच ब्रह्मपुरीत शिरले. वाटत होतं, जिंकले. एवढ्या मोठ्या संकटाला एवढा साधा उपाय होता आणि आपण उगाच इतके दिवस रडलो.

आमचं घर हमरस्त्याला लागून आहे, त्यामुळे गाडी वळणावर असतानाच घरात आवाज पोचतो. मी वळले तेव्हा आई दारात बसलेली मला दिसली. आणि गाडी जवळ येताच ती उठली, आत गेली आणि तिनं कडी लावून घेतली.

मी दार वाजवलं. हाका मारल्या. मागच्या अंगणात गेलेल्या मावशी धावत आल्या. मी खिडकीला तोंड लावून आत बघितलं तर आई जमिनीवर बसून पाट, पोळपाट, लाटणं, जुनं मुसळ, घरातलं होतं नव्हतं ते लाकूड पोत्याखाली ढकलत होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"चूप! नाकेदाराची जीप हाये. लाकूड लपवा पह्यले."

नाकेदार म्हणजे जंगलावर देखरेख करणारा शिपाई. आईचं लहानपण जंगलाच्या काठावरच्या गावात गेलं. तिच्या बापानं नव्या घराच्या चौकटीसाठी विनापरवाना साग तोडला होता, आणि त्या गावात असा साग बहुतेक घरांत होता. नाकेदाराची जीप जंगली टायरांची, रस्त्यावर यायच्या आधी तिचा घुंऽऽ असा आवाज यायचा. तो ऐकला की गाव कामाला लागायचं. चौकटीला शेणानं सारवायचं, ओंडके धानाच्या तणसाच्या ढिगात ढकलायचे, पोरांना गप्प करायचं. ही गोष्ट आई आम्हाला लहानपणी हसत हसत सांगायची, आम्ही ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. मी चार नवे टायर घालून तीच जीप तिच्या दारात आणून उभी केली होती.

बऱ्याच विनवण्यांनंतर तिनं दार उघडलं. जेवली नाही. रात्रभर पोत्यावर हात ठेवून पडून राहिली.

मला वाटलं, सवय होईल. दुकानदार म्हणालाच होता, कानांना सवय होते. पण ज्याच्या डोक्यात कालचा दिवस राहत नाही त्याला सवय कशाची होणार? रोज संध्याकाळी जीप नवी, नाकेदार नवा, भीती नवी. दार उघडायला रोज थोडा जास्त वेळ लागायला लागला. एकदा मावशींनाच तिनं बाहेर काढलं.

"ताई, तुमची माय मले घरात घेऊन नाई राह्यली," त्या मला फोनवर म्हणाल्या. "म्हन्ते, तूच चुगली केली नाकेदाराजवर."

मग मी गाडी लांब, पेट्रोल पंपापाशी उभी करून पायी जायला लागले. माझ्या मते फार हुशारीचं काम होतं ते. आई दारात बसलेली असायची, मी समोर जाऊन उभी राहायची, आणि ती माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहायची.

"आई, मी आले."

ती मला वरून खालपर्यंत बघायची. "दिसते तर तशीच," ती एकदा म्हणाली. "पन माही पोरगी गाडीनं येते."

एकदा हॉर्न वाजवून बघितला. एकदा हवा कमी करून बघितली, तर आवाज आणखी घोगरा झाला आणि पेट्रोल पंपावरचा माझ्यावर ओरडला. शेवटी वडशाच्या दुकानात गेले. बाहेर पाऊस, दुकानात रबराचा वास, आणि मी त्या माणसाला विचारतेय की या टायरांचा आवाज कमी करता येतो का.

"नाई होत, मॅडम. उलटं हाये याचं. जसजसे घासन, तसतसा आवाज वाढन."

मी तिथल्याच एका टायरवर बसले आणि रडायला लागले. चांगली मोठ्यानं. दुकानदार बिचारा घाबरला, त्यानं पाण्याचा ग्लास आणला, पंखा माझ्याकडे फिरवला. टायरच्या आवाजासाठी रडणारी बाई त्यानं पहिल्यांदाच बघितली असणार. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? चिखलातून पार व्हावं तर आई दार उघडत नाही, आणि आईनं दार उघडावं तर चिखलातून पार होता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभी राहून मी टायरांची नक्षी निवडतेय.

खूप विचार केला, असं म्हणायला हवं. पण विचार वगैरे काही केला नाही. ती मला 'दिसते तर तशीच' म्हणाली, ते मला सहन होत नव्हतं, एवढंच. फसायची भीती पुढची होती, हे रोजचं होतं. मी दुकानदाराला म्हटलं, डांबराचे टाका. तो म्हणाला, रोवनीचे दिवस हायेत. मी म्हटलं, टाका. चारही टायर उतरले आणि त्यांच्या जागी चूपचाप टायर चढले. सकाळी मास्तर गाडीत बसण्याआधी वाकून चाकांकडे बघत राहिले. मग त्यांनी पँट दुमडली.

त्या संध्याकाळी मी वळणावर आले. आई दारात बसलेली. ती उठली नाही. गाडी थांबली, मी उतरले, आणि ती म्हणाली, "आली काय वं? लय वाट पाह्यली तुही."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या लुगड्याला नुकत्याच शिजलेल्या भाताचा वास होता. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली की डोकं किती कोरडं, राबट झालंय तुझं, तेल लावत जा. मी तेल आणलं. तिनं ते चोळलंही. पुढचे काही दिवस असेच गेले. पाऊस उघडलेला होता, चिखल वाळत आलेला, मी जाताना नि येताना देवाला नाही, आभाळाला हात जोडायची. मावशी म्हणाल्या, माय आता बरी हाये. मलाही तसंच वाटायला लागलं. वाटलं, टायरांनीच बिघडवलं होतं, टायरांनीच नीट केलं. औषधं वगैरे मी त्या दिवसांत जवळजवळ विसरलेच होते. ती द्यायची म्हणून देत होते, पण माझा भरवसा चार चाकांवर होता.

मग पाऊस परत आला. सकाळी जाताना झिमझिम होता, दुपारी शाळेच्या कौलांवरून धारा लागल्या. मी मुलांना लवकर सोडलं आणि निघाले. ज्या जागेची भीती होती तिथं नाही, तिच्या बरीच अलीकडे, सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी फसली. पुढची चाकं आत, मागची चाकं आत, नक्षी काळ्या मातीनं भरून गेलेली. मास्तर ढकलत राहिले आणि तोंडापर्यंत चिखलानं माखले. मी चाकाखाली फांद्या टाकल्या, दगड टाकले, माझी छत्री टाकली. काहीही झालं नाही. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई आणि गावातले लोक आले, त्यांनी बघितलं आणि सांगितलं, ट्रॅक्टर रोवणीत आहे, आता उद्याच. पुढच्या नाल्यावरही पाणी चढलेलं. पायी जाता येत नव्हतं.

तिथं फोनला सिग्नल फक्त टेकडीवर मिळतो. मी पावसात टेकडी चढले, घसरले, परत चढले. मावशींना फोन लागला. मी ओरडून सांगत होते, तिला सोडू नका, दार बंद करा, बाहेर कुलूप लावा, कायपण करा. मावशी "हो हो ताई" म्हणत होत्या आणि मधेच आवाज तुटला. मी तिथंच, ओल्या गवतात बसले. डोळ्यांपुढे ती बोडी होती. चिखलातून नेणारे टायर आपण स्वतःच्या हातानं काढून दिले, ही गोष्ट मनातून जाईना. मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता येणार नाहीत. स्वयंपाकीण बाईंनी मला खाली आणलं, आपल्या घरी नेलं, कोरडं लुगडं दिलं. त्यांनी वाढलेला भात मी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. नाला उतरायला दुपार झाली. मी कशी चालवत आले ते मला आठवत नाही. वडशाचं फाटक बंद होतं आणि मालगाडी संपता संपत नव्हती, एवढं आठवतं. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी एकच गोष्ट म्हणत होते, ती घरात असू दे. बाकी काही नको, ती घरात असू दे.

ती घरात होती. मावशी दारातच भेटल्या, त्यांचा चेहरा शांत होता.

"काऊन एवढं घाबरल्या, ताई? काईच त्रास नाई देल्ला. मी इथीच झोपली. जेवली, झोपली. एकदाही उठून नाई गेली."

"माझ्याबद्दल विचारलं?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि पदरानं उगाच हात पुसले. "नाई," त्या म्हणाल्या. "म्हन्जे, नाई विचारलं काल."

मला हायसं वाटायला हवं होतं. मी आत गेले. आई खाटेवर बसली होती, केस विंचरलेले, चेहरा प्रसन्न. इतकी प्रसन्न मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या चिखलानं भरलेल्या साडीकडे बघितलं, आणि जरा सरकून मला खाटेवर जागा करून दिली.

"बस, बाई. लांबून आली काय? लयच भिजली."

"आई," मी म्हटलं.

"बस बस. चहा मांडन माही पोरगी. आताच आली थे. गाडीचा आवाज आयकला मी." तिनं दाराकडे बोट दाखवलं. डोळे नुसते चमकत होते. "गाडी लावून राह्यली भाईर. येतेच आता."

मी तिच्याशेजारी बसले. बाहेर मावशी आपल्या घराकडे गेल्या, त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला. आई मान उंचावून दाराकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं माझा हात हातात घेतला, पाहुण्या बाईला धीर द्यावा तसा.

"काऊन येऊन नाई राह्यली अजून?"

"येईल," मी म्हटलं.

आणि आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो.